वळणावरचा केशरी दगड

कुसळ फिरत होतं. घड्याळाच्या मिनिटकाट्यापेक्षा जलद आणि सेकंदकाट्यापेक्षा हळू, अशा मधल्याच कुठल्यातरी चालीनं. त्याचं टोकदार बी एका राखाडी पायमोज्यात रुतलं होतं. मोजा ओला होता, आणि ओल लागल्यामुळं कुसळाची दोरीसारखी पिळलेली शेपटी एकेक वेढा उलगडत चालली होती. अक्षदा खाली वाकून ते पाहत राहिली. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की मोज्यात पाय आहे, आणि पायाला माणूस.

"काही सापडलं का?" त्या माणसानं विचारलं.

"हलवू नका."

"पाय?"

"हो. फिरतंय ते."

त्यानंही मान खाली घातली. दोघांची डोकी जवळजवळ एकमेकांना लागली. "आयला, खरंच की! जिवंत हाय का काय?"

"नाही. वाळलेलं आहे. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो. असं करत करत बी जमिनीत शिरतं. स्क्रू पिळावा तसं."

"आणि जमीन समजून माझ्या पायात शिरायलंय."

"जमीन आणि पाय यातला फरक त्याला कळत नाही."

"त्याला न्हाय कळत, ठीक हाय," तो म्हणाला. "तुम्हाला तरी कळला. उशिरा का होईना."

अक्षदा झटकन सरळ झाली. ऑक्टोबर सरत आला होता. नळदुर्गच्या पाठीमागं बालाघाटाच्या टेकड्या गव्हाच्या रंगाच्या झाल्या होत्या, आणि टेकडीच्या पायथ्याला शेरडांना पाणी पाजायच्या हौदाच्या काठावर हा इसम पाय सोडून बसला होता. शेजारी जाड टायरांची सायकल उलटी उभी होती, चाकं आभाळाकडं. हातात ट्यूब होती. ती तो हौदातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहत होता. त्या भानगडीत मोजे भिजले होते.

"बाभळीचा काटा," तो म्हणाला. "एक न्हाय, दोन. पॅच मात्र एकच हाय." मग तिच्या हाताकडं बघून त्याला राहवलं नाही. "तुमचं बी माझ्यासारखंच दिसायलंय. फ्रेम घेऊन डोंगरात आलात आणि फोटो घरी राहिला."

अक्षदाच्या हातात लाकडी चौकट होती. मीटर बाय मीटरची, रिकामी. कॉलेजची पोरंसुद्धा तिच्यामागं हाच विनोद करत. पण तोंडावर करणारा हा पहिलाच.

"ही गवतावर ठेवायची. आत जेवढं येईल तेवढंच बघायचं."

"आणि बाहेरचं?"

"बाहेरचं नाही बघायचं. सगळंच बघायला गेलं की काहीच दिसत नाही."

तो ट्यूब हातात धरून विचार करत राहिला. "म्हंजे डोंगर समजून घ्यायचा तर डोंगराकडं बघायचं न्हाय."

अक्षदानं पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं. उन्हानं रापलेला चेहरा, कपाळावर हेल्मेटचा लाल वळ, आणि डोळ्यांत चेष्टा नव्हती. हे एक वाक्य पोरांच्या डोक्यात शिरावं म्हणून ती दोन वर्षं फळ्यापुढं घसा कोरडा करत होती.

"मी सोमेश. अणदूरचा."

"अक्षदा. लोहाऱ्याची. इथं कॉलेजात बॉटनी शिकवते."

"म्हंजे मॅडम."

"तासिका तत्त्वावर. तास संपला की नुसती अक्षदा."

"आत्ता तास चालू हाय का?"

"नाही..."

"मग बरं," सोमेश म्हणाला आणि ट्यूब पिळून खांद्यावर टाकली.

दोघं चालतच गावाकडं निघाले. तो सायकल ढकलत, ती चौकट खांद्याला अडकवून. वाटेत त्यानं आपलं सगळं सांगून टाकलं. पुण्यात गाड्यांचे शॉकअप बनवणाऱ्या कारखान्यात होता. सहा वर्षं दुसऱ्यांचे धक्के मोजले, मग कंटाळून परत आला. हायवेला सायकलींचं दुकान टाकलं. आणि एक दिवस शेरडांच्या वाटेनं सायकल घेऊन टेकडीवर चढला तो उतरलाच नाही म्हणे, मनानं. किल्ल्याच्या पाठीमागून निघायचं, टेकडीच्या धारेनं कड्यापर्यंत जायचं, जुन्या टेहळणीच्या बुरुजाला वळसा घालून परत किल्ल्याशी उतरायचं. शेरडांच्या वाटा जोडून एकच सायकलवाट करायची.

"गावात काय म्हणतात?"

"रिकामा उद्योग. वडील म्हणतेत, पोरगं पुण्यात जाऊन शेरडं वळायला शिकून आलं."

बाजाराच्या वळणावर त्यानं वाकून मोज्यातलं कुसळ उपटलं, पॅचच्या रिकाम्या डबीत ठेवलं आणि डबी तिच्यापुढं धरली. "घ्या. तुमचं."

"माझं कसं?"

"तुम्ही आधी बघितलं."

त्या रात्री अक्षदानं डबी खिडकीत ठेवली. सकाळी उठल्यावर कुसळावर पाण्याचा एक थेंब टाकला. ते फिरलं. तिला हे माहीतच होतं, तरी दुसऱ्या दिवशी परत थेंब टाकला. तिसऱ्याही दिवशी. एकच प्रयोग इतक्यांदा करायचं शास्त्रीय कारण तिला सुचेना.

पुढचे रविवार मग ठरल्यासारखे झाले, कुणी न ठरवता. सोमेश कुदळ, पहार घेऊन यायचा. अक्षदा चौकट घेऊन. तो दगड सरकवायचा, ती गवत बघायची, आणि मध्ये कधीतरी हौदाच्या काठावर एकाच डब्यातली भाकरी आणि शेंगाचटणी दोघांत वाटली जायची. त्याची आई इरम्मा मिरच्या सढळ हातानं घालायची. अक्षदाच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि सोमेश गंभीरपणे विचारायचा, "एवढी आठवण आली का माझी, आठवडाभर?"

"मिरचीची आली."

"चालतंय. आमच्या घरचीच हाय ती."

एका रविवारी मात्र त्यांचं पहिलं भांडण झालं. टेकडीच्या खांद्यावर अक्षदाचा एक तुकडा होता. चार कोपऱ्यांना चार दगड रोवून, येईल ते शेरडू हाकलत, ती दोन वर्षं तो राखत होती. सगळ्या माळावर कुसळांचं गवत, कुसळीच माजलेली. या एवढ्या जागेत मात्र मारवेल परत उगवत होता. मऊ, जांभळट तुऱ्यांचा, जनावरांच्या आवडीचा. कुसळीला हटवून चांगलं गवत आपसूक परत येतं का, किती दिवसांत येतं, हा तिचा प्रश्न होता. आणि सोमेशची वाट नेमकी त्या तुकड्यातून खाली जात होती.

"तिथनं असा उतार मिळतो ना... पोटात गोळा येतो नुसता."

"माझ्याही आला. ऐकूनच."

"तीन चाकं जातील फक्त—"

"सायकलला दोन असतात."

"तेच म्हणतो, तीनसुद्धा न्हाय जाणार!"

तिला हसू आलं, पण ती हटली नाही. सोमेश थोडा वेळ कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकून त्या गवताकडं बघत राहिला. मग तुकड्याच्या दहा पावलं अलीकडून वाट डावीकडं वळवायला लागला. दिवस मावळेपर्यंत खणत होता. त्याचा सगळ्यात लाडका उतार त्या वळणानं मोडला. अक्षदा घमेल्यानं दगडगोटे उचलत होती. आभार मानले असते तर ते फार थोडे झाले असते.

"आता हे वळण लांबनं दिसाय पाहिजे," सोमेश म्हणाला. "न्हायतर येणारा वेगात येतोय आणि जातोय सरळ... तुझ्या मारवेलात."

'तुझ्या' म्हणाला. तो म्हणाला ते त्याच्या लक्षात आलं नाही, तिच्या आलं.

पुढच्या रविवारी तो रंगाचा डबा घेऊन आला. वळणावर गुडघाभर उंचीचा एक दगड उभाच होता.

"केशरी?" अक्षदा म्हणाली. "पांढरा लावा ना. नाहीतर निळा."

"पांढरे दगड हितं ढिगानं हायेत. निळा सांजेला काळा दिसतो. केशरी कसा, लांबनं डोळ्यात भरतो."

काहीतरी चुकतंय असं तिला वाटत होतं, पण कारण सांगता येईना. आणि कारण सांगता येत नसेल तर गप्प बसायची तिला सवय होती. सोमेशनं दगडावर बाण काढला. डब्यात रंग उरला. उरलेला रंग वाया कशाला घालवायचा, म्हणून त्यानं अख्खा दगडच रंगवून काढला. डबा कलंडला, तसा त्यानं "अगं, रंग!" म्हणत तिचं मनगट धरून तिला मागं ओढलं. ओढणी वाचली. मनगट मात्र त्यानं लगेच सोडलं नाही, आणि तिनंही सोडवून घेतलं नाही. त्या दिवशी दोघांमधलं 'तुम्ही' तिथंच कुठंतरी पडलं. परत उचलायला कुणी वाकलं नाही.

आठवड्यानं दोघं तिथं आले तेव्हा दगडापुढं नारळाची करवंटी होती. दगडाच्या कपाळावर हळद-कुंकू. उदबत्तीची राख. वर बाभळीच्या फांदीला बांधलेलं एक लहानसं निशाण.

सोमेश सायकलवरून उतरला तो तसाच उभा राहिला. "हे... काय?"

"देव," अक्षदा म्हणाली. आपल्याला त्या दिवशी न सुचलेलं कारण आता समोरच बसलेलं तिला दिसत होतं. या मुलखात उभ्या दगडाला केशरी रंग लावला की त्याला दुसरं कोण समजणार?

मागून घंटांचा आवाज आला. काळीभोर शेरडं झुडपांतून वर आली आणि त्यांच्यामागं द्वारकाबाई. नळदुर्गात अक्षदा ज्यांच्या खोलीत भाड्यानं राहत होती त्या. त्यांनी पायताण काढलं, दगडाला हात जोडले आणि मगच या दोघांकडं पाहिलं.

"मावशी, हा देव न्हाय," सोमेश काकुळतीला येऊन म्हणाला. "ही खूण हाय. ऑइलपेंट हाय. म्या लावलाय, माझ्या हातानं."

"मग? तुझ्या हातनं त्यानंच लावून घेतला."

"अहो, सायकलवाल्यांनी हितनं वळायचं, एवढंच सांगायला हाय ते!"

"व्हय की. माणसाला वळवतो तो देवच असतोय," द्वारकाबाई शांतपणे म्हणाल्या. "माझी लंगडी शेळी हरवली होती. तीन दिस. ह्याच्यापुढं सापडली, बसलेली. आता सांग."

सोमेशनं आशेनं अक्षदाकडं पाहिलं. अक्षदा दुसरीकडंच बघत होती. शेरडं दगडाच्या मागं मारवेलाच्या तुकड्याकडं निघाली होती, आणि द्वारकाबाई त्यांना दगड मारून परतवत होत्या.

"मावशी, शेरडं हाकललीत?"

"मग काय करू? देवाच्या मागचं रान हाय ते. देवाचं गवत न्हाय चारत, न्हाय कापत आमी."

"दोन वर्षं मी तुमच्या हातापाया पडत होते! तेव्हा म्हणायचात, शेरडाला तुझे दगड दिसतेत व्हय गं?"

"तुझे दगड बिनरंगाचे होते, बाई."

सोमेश आधी खाली बसला आणि मग हसत सुटला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, इरम्माची मिरची न खाता. मग तडजोड झाली. देव राहील. सायकलवाट राहील. पण देवापाशी उतरून, सायकल हातानं ढकलत न्यायची. वळण अवघड होतंच. आता तिथं कुणी पडणार नव्हतं. वाटेला सगळ्या सायकलवाल्यांत नाव पडलं ते 'देववळण'.

डिसेंबर लागला आणि अक्षदाला डेहराडूनहून मेल आली. गवताळ माळांवर काम करणाऱ्या तिथल्या संशोधन संस्थेनं तिला पीएच.डी.साठी घेतलं होतं. शिष्यवृत्तीसकट. जानेवारीत रुजू व्हायचं. होकार महिनाअखेरपर्यंत कळवायचा. अर्ज तिनं उन्हाळ्यात केला होता. तेव्हा टेकडी होती, गवत होतं, आणि हौदाच्या काठावर कुणी बसलेलं नव्हतं.

तिनं सोमेशला सांगितलं ते किल्ल्यात, नदी अडवून बांधलेल्या पाणीमहालाच्या भिंतीवर बसून. पावसाळ्यात इथं धबधबा बघायला पाय ठेवायला जागा नसते; आता धार ओसरली होती आणि बोरी नदी खाली गुपचूप चालली होती.

"जा," सोमेश म्हणाला.

एवढ्या पटकन? अक्षदाला काहीतरी टोचलं. "विचार तरी करायचास."

"केला की."

"कधी?"

"तू बोलत होतीस तवा." तो खाली पाण्याकडं बघत होता. "मी थांब म्हटलं तर तू थांबशील. आणि मग जन्मभर मला त्या चौकटीत घालून बघशील... ह्याच्यासाठी थांबले, ह्याच्यात काय काय उगवतंय बघू."

तिला हसू आलं. मग भिंतीवरचा एक खडा उचलून त्यानं या हातातून त्या हातात केला.

"पण एक विचारायचं होतं. आता विचारावं का न्हाय... तूच सांग."

"विचार."

"लगीन करशील का माझ्याशी?"

खाली पाण्याकाठची एक टिटवी ओरडून उडाली. हो म्हणावं तर डेहराडूनचं काय? जाते म्हणावं तर ह्याचं काय? एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला खोडत होतं.

"दोन्ही कसं होईल?"

"ते मला न्हाय ठाऊक. मी फक्त विचारलं."

"सांगते," ती म्हणाली.

त्यानंतर तो भेटला की डोक्यावरचं हेल्मेट काढायच्या आधी विचारायचा, "निकाल?" आणि ती म्हणायची, "राखून ठेवलाय." तो पुढं दामटत नसे. "फेरतपासणी करा मॅडम, नीट करा," म्हणायचा आणि कुदळ उचलायचा. तिकडं लोहाऱ्याहून तिची आई उमादेवी रोज फोन करायची. "एक काहीतरी ठरव की गं. एक पाय तिकडं, एक पाय इकडं, असं कुठं जमतं का बाईमाणसाला?" आईचं म्हणणं तिला पटत नव्हतं, पण खोडूनही काढता येत नव्हतं. मारवेलाची काळजी मिटली होती. आता अडून बसायला ते निमित्तही हाताशी नव्हतं. खिडकीतल्या डबीतलं कुसळ मात्र पाणी घातलं की फिरायचं, वाळलं की परत पिळायचं. जागचं हलायचं नाही. डबीत माती नव्हती.

शेवटी एका दुपारी तास संपवून ती अणदूरच्या जीपमध्ये बसली. काय सांगायचं ते तिनं जीपमध्ये तीनदा ठरवलं आणि तीनदा बदललं. उतरताना जे शेवटचं होतं ते असं, की नको. लग्न नको. त्याला अडकवून ठेवणं बरोबर नाही.

दुकान बंद होतं. शेजारचा चहावाला म्हणाला, "सोमेश सोलापूरला गेलाय, सामान आणायला. वडील कल्याणप्पा देवळात असतील बघा."

खंडोबाच्या देवळात गर्दी नव्हती. असणार कशी? अणदूरचा आणि नळदुर्गचा देव एकच. वर्षातला थोडा काळ तो नळदुर्गला मुक्कामाला असतो, बाकीचा अणदूरला. आणि नुकतीच त्याची पालखी वाजतगाजत नळदुर्गला गेली होती. अक्षदानं तिथं स्वतः भंडारा उधळलेला पाहिला होता. इथं मात्र गाभाऱ्यासमोर एक म्हातारा धोतराचा काचा खोवून फरशी झाडत होता. सावकाश, कोपरा न कोपरा.

"कल्याणप्पा काका?"

त्यांनी वर पाहिलं. "गवतवाल्या बाई न्हवं तुमी? या, या. पोरगं सोलापूरला गेलंय."

"माहीत आहे." ती पायरीवर टेकली. मग न राहवून म्हणाली, "काका, देव तर तिकडं नळदुर्गला गेलाय."

"व्हय."

"मग झाडता कशाला?"

कल्याणप्पांना प्रश्नाचं नवल वाटलं. "घर हाय की त्याचं. मालक गावाला गेला म्हणून घर पारोसं ठिवायचं व्हय?"

"आणि तिकडंच करमलं तर त्याला?"

"करमू द्या की. तिकडं बी त्याचंच हाय. पर शब्दाचा पक्का हाय देव. दोन गावांनी करार केलाय, लई पूर्वीपासनं. न्यायला येतेत तवा आमी पोचवायला जातो, आणायचा असला की ते पोचवायला येतेत."

"भांडण नाही होत? कुणाचा देव म्हणून?"

"भांडण नगं म्हणून तर करार." त्यांनी केरसुणी आपटून धूळ झटकली. "दोन्हीकडचा हाय म्हटलं की मिटलं. अर्धा हितं, अर्धा तितं, असं न्हाय हां. जिथं असतो तिथं पुरा असतो."

अक्षदानं आत पाहिलं. रिकाम्या गाभाऱ्यात समई जळत होती. कुणाचीच वाट न बघितल्यासारखी, निवांत.

"तुमी लांब कुठं जाणार म्हणं?"

"अजून... ठरलं नाही."

"ठरंल." कल्याणप्पांनी ताटलीतला भंडारा तिच्या कपाळाला लावला, हातावर दोन बत्तासे ठेवले आणि परत केरसुणी उचलली. ती दाराशी पोचली. तिथं तिला मागून आवाज आला. "आमचं पोरगं बी बरं झाडतंय हां. म्या शिकवलंय."

ती जीपमध्ये बसली तेव्हा जे सांगायला आली होती ते तिला आठवतसुद्धा नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सायकलवाट खुली झाली. सोलापूरहून, तुळजापुराहून, थेट पुण्याहून सायकलवाले आले. सकाळी दंव एवढं पडलं होतं की टेकडी ओल्या कापडासारखी दिसत होती. अक्षदाला देववळणावर उभं केलं होतं, येणाऱ्यांना उतरवायला. पण तिचं काम द्वारकाबाईंनीच हिसकून घेतलं होतं. "उतरा, उतरा! देवापाशी सायकल हानू नगा! ए लाल टोपी, तुला येगळं सांगू का?" आणि हेल्मेट घातलेली बडी बडी माणसं निमूट उतरत होती, खोबऱ्याचा तुकडा घेत होती आणि सायकल ढकलत पुढं जात होती. एकानं तर हेल्मेट काढून हातही जोडले.

सोमेश सगळ्यांच्या मागून आला. कुणी मागं राहिलं का ते बघत. दगडापाशी उतरला. चेहरा घामानं आणि दंवानं ओला, मोज्यांत पुन्हा कुसळं. द्वारकाबाईंनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, आणि "शेरडं कुठं गेली बाई..." म्हणत झुडपांमागं गेल्या. शेरडं समोरच होती.

सोमेशनं हेल्मेट काढलं. पण आज विचारलं नाही. आज शेवटची तारीख जवळ आली आहे हे त्यालाही माहीत होतं. सायकलच्या ब्रेकवर बोटं आवळत, सोडत तो नुसता उभा राहिला.

"विचार ना," अक्षदा म्हणाली.

"काय?"

"नेहमीचं."

त्यानं ब्रेक सोडला. "निकाल?"

अक्षदाच्या ओढणीच्या टोकाला एक कुसळ अडकलं होतं आणि दंवानं ओलं होऊन हळूहळू फिरत होतं. तिनं ते पाहिलं, काढलं नाही. दगडाच्या मागं मारवेलाचे तुरे दंवानं वाकले होते. दोन्हीकडं बघताना तिला पहिल्यांदाच काही खोडावंसं वाटलं नाही.

"मी डेहराडूनला जाणार आहे," ती म्हणाली.

सोमेशनं मान हलवली. हसायचा प्रयत्नही केला. "चांगलं झालं. मी म्हटलं होतं—"

"माझं संपलं नाही." तिचा आवाज वर्गात असतो तसा स्वच्छ होता. "दर पावसाळ्यात गवत वर आलं की मी इथं येणार, ते वाळेपर्यंत राहणार. तू न्यायला येशील तेव्हा येईन, पोचवायला येशील तेव्हा जाईन. जिथं असेन तिथं पुरी असेन. लग्न मी तुझ्याशीच करणार आहे, सोमेश. घर झाडून ठेव."